बिजलीबाईची तक्रार

दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरची बिजलीबाई भांडखोर म्हणून आसपासच्या गावांत ठाऊक होती. पण तिची भांडणं दिवस मावळेपर्यंत टिकत. स्टेशनबाबूवर मात्र तिने दावा धरला तो कायमचा.

बासष्ट सालच्या पौषात भुसावळहून मेहुण्याचं कार्ड आलं. शाळेतल्या कौसल्याबाईंनी ते वाचून दाखवलं. धाकटी बहीण जमनी बाळंतपणानंतर तापाने फणफणली होती आणि सारखी बिजलीचं नाव घेत होती. बिजलीबाई भाकरी बांधून तडक स्टेशनावर आली.

छोट्या लायनीची गाडी तासभर उशिरा आली. त्याचं कोणालाच नवल नव्हतं. पण आलेली गाडी हलेचना. एका व्यापाऱ्याच्या कापसाच्या गाठी चढत होत्या. मालडब्याची एक वाघीण भरली, दुसरी जोडली. बिजलीबाई उतरून बाबूकडे गेली. जंक्शनवरची मोठी गाडी चुकेल, बहीण मरणाच्या दारात आहे, हे तिने त्याला दोनदा सांगितलं. बाबू बशीतला चहा फुंकत होता.

"गाठी अडल्या तर मला वरून तार येते," तो म्हणाला. "तू अडलीस तर कोणाची येणार आहे?"

गाडी सुटायला तीन तास लागले. जंक्शनवर मोठी गाडी गेलेलीच होती. पुढची आली तेव्हा आतल्यांनी दाराला कडी घातली. तिचा घागरा आणि हातभर पांढऱ्या बांगड्या, बलोया, पाहून एकाने आपलं सामान जवळ ओढून घेतलं नि खिडकी लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला एका गाडीत उभं राहण्यापुरती जागा मिळाली, तीही संडासाशी. ती भुसावळला पोचली तेव्हा मेहुणा मसणातून येऊन अंगणात बसला होता. लेकरू शेजारणीकडे रडत होतं.

परतल्यावर ती घरी न जाता बाबूसमोर उभी राहिली आणि तक्रारवही मागितली. वही लिहिणाऱ्यांसाठी असते, अंगठ्याची तक्रार चालत नाही, असं म्हणून तो हसला.

कौसल्याबाईंच्या घरच्यांनी छप्पन्न साली धम्म घेतला होता. स्टेशनातल्या माठाला बाबू त्यांना हात लावू देत नसे. त्या तक्रार लिहून द्यायला एका पायावर तयार झाल्या. बिजलीबाईने मान हलवली.

"तू लिहिशीन त तो तुह्या मागं लागीन. मलेच शिकव."

दिवसभर कापूस वेचायचा आणि संध्याकाळी कोळशाने फरशीवर अक्षरं गिरवायची. होळी झाल्यावर ती पुन्हा स्टेशनावर गेली. फलाटावर माणसं होती, म्हणून बाबूला वही द्यावी लागली. अर्धा तास वाकून तिने लिहिलं: "गाठी नेल्या, मले अडवलं. जमनी मेली. बाबू चहा पित होता."

बाबूने वाचून 'पित' ऱ्हस्व झाल्याचं दाखवलं.

"चुकलं असन," ती म्हणाली. "पन तुले समजलं ना?"

पावसाळ्यात रेल्वेच्या कचेरीतून उत्तर आलं. दप्तरी नोंदीप्रमाणे त्या दिवशी गाडी वेळेवर सुटली होती. कौसल्याबाईंकडून तिने ते दोनदा ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी, चिखल तुडवत, हे उत्तर खोटं आहे असं लिहायला गेली. बाबूने वही कुलपात ठेवली. मग ती त्याच्या दाराशी बसली. लोक तिला ओलांडून तिकिटं काढू लागले. तिसऱ्या दिवशी त्याने कुलूप काढलं.

पुढे दर बाजारच्या दिवशी ती एक ओळ लिहू लागली. बाबू नरमला, तिला बाकावर बस म्हणू लागला, एकदा चहाही पुढे केला. तिने कप उचलून रुळावर ओतला.

वर्षभराने मेहुणा जमनीच्या लेकीला तांड्यावर ठेवायला घेऊन आला. गाडीची पायरी उंच होती. बाबूने पुढे होऊन पोरीला घ्यायला हात पसरले. बिजलीबाईने त्याला खांद्याने बाजूला सारलं, पोरीला स्वतः उतरवून घेतलं आणि मागे न पाहता तांड्याची वाट धरली.