आबांची बॅच

लातूरला लेकरू शिकायला ठेवलं की आमच्या भोकरात त्या घराचा भाव वाढायचा. किराणावाला आधी अभ्यासाची चौकशी करायचा, मग साखर जोखायचा. मी दहावीला बरे मार्क पाडून लातूरच्या कॉलेजात गेले तेव्हा आमचाही भाव वाढला. माझ्या बारावीच्या दिवाळीनंतर तर तो पार आभाळाला टेकला, कारण माझे वडील कामधंदा सोडून पोरीच्या अभ्यासासाठी लातूरला खोली करून राहिल्याची बातमी गल्लीभर झाली. असा बाप मिळायला नशीब लागतं, असं शेजारच्या काकू आईला सांगायच्या. आई मान हलवायची. बातमी तिनेच पसरवली होती.

वडील, म्हणजे आमचे आबा, गवंडी होते. भूकंप झाला तेव्हा मी तिसरीत होते. आबा आणखी चारपाच जणांबरोबर ट्रकात बसून किल्लारीकडे ढिगारे उपसायला गेले. तिथे काय पाहिलं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. वास सहन होत नव्हता, म्हणून कामाला लागायच्या आधी सगळेच थोडी थोडी घ्यायचे, एवढंच एकदा आईजवळ बोलले. पुढे नवी घरं बांधायच्या कामावर ते दोन वर्षं तिकडेच होते. घरं उभी राहिली, वास गेला, आणि थोडी थोडी मात्र त्यांच्याबरोबर भोकरला आली.

मी बारावीला जाईपर्यंत भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा धरताना त्यांचा हात थरथरायला लागला होता. त्या वर्षी त्यांनी काकूंच्या कंपाउंडची भिंत बांधली आणि तिला मधोमध पोट आलं. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला ते पोट कौतुकाने दाखवायच्या. आबांना त्यानंतर गावात काम मिळेना.

आईने तोवर उपाय काही कमी केले नव्हते. बसस्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशी जाहिरात होती. आईने तिथून पत्ता उतरवून घेतला आणि चहातून पुड्या द्यायला सुरुवात केली. आबा तीन आठवडे नकळत पुडी आणि कळत दारू घेत राहिले. "चहाला हल्ली लई चव यायली," असंही म्हणाले. मग देवापुढे शपथ झाली. शपथ कडक होती. तिच्यातून फक्त पोळा, होळी, लग्नकार्य आणि घरी आलेले पाहुणे वगळले होते. त्या महिन्यात आमच्याकडे जेवढे पाहुणे आले तेवढे माझ्या बारशालाही आले नसतील.

शेवटी दसऱ्याला आई त्यांना नांदेडच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेली. ही शपथेची गोष्ट नाही, हा आजार आहे, घरच्या घरी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, व्यसनमुक्ती केंद्रात भरती करा, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. नऊ वर्षांत हे वाक्य आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. केंद्र नांदेडातही होतं, पण आबांनी तिथेच फाटा फोडला. "नांदेडात न्हाई. नांदेडात सगळं भोकर भेटतं." आजार चालेल, पण तो भोकरने बघितलेला चालणार नाही, एवढा अभिमान त्यांच्यात दारूनेही शिल्लक ठेवला होता. म्हणून लातूर ठरलं.

प्रश्न पैशांचा होता. बिलोलीला माझ्या मामांचं खताबियाण्यांचं दुकान होतं. आई आधी त्यांच्याकडे खरं सांगून गेली. मामा म्हणाले, "आक्का, पिणाऱ्यावर पैसा लावणं म्हंजे नालीत वतणं हाय." आई चहा पिऊन परत आली. आठ दिवसांनी पुन्हा गेली आणि लातूरला दिवाळीनंतर एक खास बॅच निघते, पोरीला तिथे घालायचं म्हणते, असं म्हणाली. मामांनी गल्ल्यातून तिथल्या तिथे पैसे काढून दिले, वर जाण्यायेण्याचं भाडंही दिलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या बिलोलीला भाची डॉक्टर होणार असल्याचं कळवून टाकलं.

दिवाळीच्या सुटीत मी घरी आले तेव्हा आईने पाट्यावर चटणी वाटता वाटता विचारलं, "तुला क्लासबिगर जमंल का गं?" कशासाठी ते मला कळलं होतं. मी लगेच हो म्हणाले. त्या क्षणी मला मी फार थोर वाटले. दुसऱ्या दिवशी उठले तेव्हा तेवढी थोर राहिले नव्हते. मला त्या बॅचला जायचं होतं, आणि माझा बाप पितो याचा मला भयंकर राग होता, हे आज लिहायला हरकत नाही.

केंद्र लातूरच्या बाहेर एका भाड्याच्या बंगल्यात होतं, शेजारीच पोरांचं होस्टेल. दोन्हीकडे पहाटे पाचला घंटा, दोन्हीकडे फोनबंदी, दोन्हीकडे भिंतीवर 'जिद्द'. भरतीच्या फॉर्मवर पालकाची सही लागत होती. आईने सही केली आणि बाहेर येऊन पायरीवर बसून रडली.

लातूरला रविवारी आईबाप डबे घेऊन लेकरांना भेटायला यायचे. मी रविवारी डबा घेऊन बापाला भेटायला जायचे. मेसमधून मागून घेतलेले धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. पहिल्या दोन रविवारी आबा माझ्याशी बोललेच नाहीत. घामाने भिजलेले असायचे, घास तोंडापर्यंत नेताना सांडायचे. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "रोज लेक्चर असतंय. मी मागच्या बाकावर बसतो."

"कळतं का?"

"ध्यान देऊन राहिलो." मग धपाटा मोडत त्यांनी विचारलं, "तुझा क्लास कसा चाललाय?"

क्लासचे पैसे केंद्रात भरलेत हे आईने त्यांनाही सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, बरा चाललाय.

फेब्रुवारीत ते सुटले. घरी येऊन कामाला लागले. गल्लीत त्यांचं स्वागत मुलीसाठी झिजलेला बाप म्हणून झालं. ज्या भिंतीला पोट आलं होतं ती त्यांनी न बोलता पाडली आणि सरळ बांधून दिली. काकूंनी याचं श्रेय लातूरच्या हवेला दिलं.

जूनमध्ये निकाल लागला. अठ्ठावन्न टक्के. इतर कुठे हे बरे मार्क ठरले असते. लातूरला शिकलेल्या पोरीसाठी ती अब्रू जाण्याची गोष्ट होती. दुपारी मामा बिलोलीहून आले. बरोबर मामी, आणि दारात अंदाज घ्यायला काकू. मामांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"एवढी मोठी फी भरली. बाप तीन महिने कामधंदा सोडून तुझ्या उशाला बसला. आन् तू काय करत होतीस गं? क्लासमध्ये झोपा काढत होतीस?"

मी खाली बघत उभी राहिले. एक वाक्य बोललं असतं तर मी सुटले असते, पण त्या वाक्याने आबा पुन्हा गावभर दारुडे झाले असते. सात महिने मी ते गिळलं होतं. आजही गिळेन असं मला वाटत होतं, फक्त डोळ्यातलं पाणी काही ऐकेना.

आबा भिंतीला टेकून बसले होते. ते माझ्याकडे बघत होते, मग आईकडे. "कोणता क्लास?" त्यांनी आईला हळूच विचारलं. "ती गेलीच न्हाई का?"

आई पदराचं टोक पिळत राहिली. तेवढ्यावरून त्यांना सगळं कळलं.

ते उठून उभे राहिले. "दाजी, तुम्ही बसा," मामा म्हणाले, "तुमचा काय दोष?"

"फी माझी भरली," आबा म्हणाले. दारातल्या काकूंनाही नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. "मी लातूरला दारू सोडायला भरती होतो. ही पोरगी एक दिवस क्लासला गेली न्हाई. रविवारी मला डबा आणायची. तुमचे पैसे माझ्यावर गेलेत. मार्क मागायचेत तं मला मागा."

मी तोंडावर ओढणी घेऊन मोठमोठ्याने रडले. राग कुठे गेला ते मला कळलं नाही. तो सगळाच गेला असं नाही, पण त्या दुपारी तो कुठेच सापडला नाही.

मामा टोपी फिरवत बसले. पैसे नालीत गेले म्हणावं तर नाली समोर सरळ उभी होती. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "मग? किती झाले?"

"आज दोनशे अकरावा दिवस हाय," आबा म्हणाले.

आई उठली. तांदळाच्या डब्यामागून तिने पेढ्यांचा पुडा काढला. निकाल कळायच्या आधीच तिने सकाळी तो आणला होता आणि मार्क ऐकून लपवून ठेवला होता. पहिला पेढा तिने आबांच्या तोंडात घातला, दुसरा माझ्या. मग पुडा दारापर्यंत फिरला. काकूंनी एक घेतला, मामांनी दोन खाल्ले.