भरताने पळवलेल्या चपला

शेजाऱ्यांच्या दारात आज एक चप्पल उलटी पडलेली दिसली. त्याने घरात भांडण होतं म्हणतात. मला मात्र हसू आलं, कारण आमच्या घरचं भांडण चपलांनीच मिटवलं होतं.

शेताच्या बांधावरून अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि धाकटे काका असे भांडले, की गावातले कावळेसुद्धा दोन गटांत बसू लागले. आजी काकांकडे राहिली. अण्णांचा वनवास दोनच गल्ल्या पलीकडे होता. दोघे भाऊ एकमेकांशी बोलायचे ते फक्त रामनवमीच्या नाटकात. अण्णा राम, काका भरत.

एका वर्षी भरताने रामाचे पाय धरले. "बंधुराज, घरी चला. आई जेवत नाहीये हो, अण्णा!"

हे वाक्य नाटकात नव्हतं. राम असा गडबडला, की लाकडी पादुका विसरून त्याने पायातल्या कोल्हापुरी चपलाच काढून दिल्या. भरत त्या डोक्यावर घेऊन तडक घरी!

मग अण्णा मुकुटासकट, अनवाणी काकांच्या दारात. "चपला न्यायला आलोय."

आतून आजी ओरडली, "आधी पाय धू मेल्या, पान वाढलंय!"

शेजाऱ्यांची चप्पल मी सरळ करून ठेवली. आत ताटं वाजत होती. उगाच थोडा वेळ ऐकत उभा राहिलो.