उभ्याने

सगळे त्याला भिंगरी म्हणत. सव्वीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केलेली. धावत्या गाडीत कशालाही न धरता उभं राहून तिकिटं फाडायचा. आता निवृत्त झाला होता, पण पायांना ते कुणी सांगितलं नव्हतं. जेवतानाही दोनदा उठायचा. अशा माणसाला बुद्धिबळाचा नाद लागावा, याचं बायकोला हसू यायचं.

त्या रविवारी स्पर्धेच्या चौथ्या फेरीत त्याच्यासमोर दातांची डॉक्टर आली. तिचं रेटिंग एकोणीसशे, याचं जेमतेम तेराशे. डाव सुरू झाला तसा हा खुर्चीमागे उभा राहून डोलायला लागला. समोरच्याने खुर्चीत निमूट बसावं, याची तिला सवय! अर्ध्या तासात तिने पंचांना बोलावलं.

"काका, बसून घ्या," पंच म्हणाले. "त्यांना त्रास होतोय."

बसला. आणि नेमका तेव्हाच डॉक्टरीणबाईंचा वजीर एका प्याद्याच्या लोभाने पटाच्या कोपऱ्यात शिरला. भिंगरीने घोडा आणून परतीची वाट बंद केली. वजीर अडकला! तिलाही ते दिसलं. कपाळाला हात लावून ती विचारात बुडाली.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. त्याचा गुडघा उडायला लागला, टेबल हललं, प्यादी थरथरली. तिने मान वर न करताच टेबल दाबून धरलं. त्याने पाय खुर्चीच्या पायांत अडकवून ठेवले. मानेवर घाम फुटला. जिंकायला फक्त बसून राहायचं होतं आणि नेमकं तेवढंच जमत नव्हतं.

"बरोबरी?" तोंडातून निघूनच गेलं.

तिने चटकन हात पुढे केला.

व्हरांड्यात तो येरझाऱ्या घालत होता, तिथे ती आली. "माझा वजीर जात होता. दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं की."

"मग?"

"बसवेना, बाई."

ती ओशाळली. "तक्रार करायला नको होती मी."

"छे! डोलत होतो ना मी."

घरी बायको भडकली. "अहो, हातातला डाव घालवलात!" बाहेर मात्र जो तो पाठ थोपटायचा, एवढ्या मोठ्या खेळाडूला रोखलंत म्हणून. त्याला ते कौतुक टोचायचं. आठवडाभर तो घरात नुसता फिरत राहिला.

पुढच्या स्पर्धेचा अर्ज शेवटी बायकोनेच भरला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं : 'उभ्याने खेळू द्यावे.' त्याला भिंतीकडचं टेबल मिळालं. पहिलाच डाव तो हरला, पण पुरे चार तास लढून.