दहावीला नाटक नाही

आमच्या शाळेत वर्षभर एवढं काही चालू असतं की शिकवायला वेगळा वेळ काढावा लागतो. स्लिप टेस्ट, रिव्हिजन टेस्ट, योग दिन, प्लास्टिक हटवण्याची शपथ, आणि या सगळ्याचे फोटो त्याच दिवशी वर पाठवायचे. खेळाचा तास गणिताला जातो. तो खाणारी गणिताची बाई मीच, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

तशात जिल्ह्याच्या नाट्यस्पर्धेचं पत्रक आलं. हेडमिस्ट्रेसबाईंच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात एक फळी रिकामी होती आणि ती त्यांच्या डोळ्यांत सलत होती. त्यांनी मला बोलावून सांगितलं, तुम्ही मराठी लोक, तंजावूरचे राजे तुमचे, तेव्हा मराठा राजावरचं तमिळ नाटक तुम्हीच बसवा. आमचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत आहे हे खरं. पूर्वज राजवाड्यात होते असं घरात अभिमानाने सांगतात. काय करत होते ते कुणी सांगत नाही, म्हणजे भांडीच घासत असणार. पण बाईंना नाही म्हणायची हिंमत शाळेत कुणातच नाही, माझ्यात तर मुळीच नाही.

राजा म्हणून नववीतली एक मुलगी निवडली, केवळ उंचीवर. राजा बोले दळ हाले म्हणतात. आमचा राजा बोलायचा हजेरी दिल्यासारखा आणि चालायचा टिफिन कॅरियर सांभाळत. खरा राजा दहावीत होता. पापनाशमहून रोज रेल्वेने येणारी बारकीशी मुलगी. तालीम बघता बघता तिला सगळं नाटक पाठ झालं. एकदा तिने दरबारात शिरून दाखवलं आणि शिपाई झालेल्या मुली आपोआप बाजूला सरकल्या. पण दहावीला नाटक नाही, हा बाईंचा नियम, बोर्डाचं वर्ष. मुलीने मला विचारलं, मिस, हेडमिस्ट्रेसना एकदा विचारून बघाल का? पुढच्या वर्षी मी या शाळेत नसेन. मी म्हटलं, विचारते.

इथे आमची एक खोड सांगायला हवी. शाळेत मराठी आम्ही दोघीच, मी आणि सायन्सच्या बाई. त्या नात्याने माझी जाऊ. बाकी सगळा कारभार तमिळमध्ये, आणि कुणाच्या कानी पडू नये ते मराठीत. बाईंची नक्कल, पालकांची अक्कल, सगळं त्यांच्या तोंडावर, हसतमुखाने. मराठी ही आमची शाळेतली कडीकुलपाची भाषा.

एका दुपारी ती मुलगी वर्गाचे पेपर घेऊन स्टाफरूममध्ये आली आणि टेबलापाशी उभी राहिली. जावेने मराठीत विचारलं, "हिचें बाईंना विचारलीस कां?"

"कोण विचारतें," मी म्हटलं. "उगा मीच बोलणीं खायचीं. दोन दिवस जाऊं दे, नाहीं म्हणालीं म्हणून सांगतें."

मुलगी पेपर ठेवून गेली. दोन दिवसांनी मी चेहरा पाडून तिला तमिळमध्ये सांगितलं की मी फार विनवलं, पण बाई ऐकत नाहीत. त्या सबंध नाटकात एवढा चांगला अभिनय कुणी केला नव्हता. तिने माझे आभार मानले आणि विंगेत प्रॉम्प्टिंगला बसली.

स्पर्धेत आम्ही पहिले आलो. राजा तीनदा अडला, तिन्हीदा विंगेतून वाक्य आलं, आणि परीक्षकांनी राजाचं ते मधेच धीरगंभीर थांबणं वाखाणलं. मग पाहुण्यांना शाली घालण्याचा कार्यक्रम झाला, तो नाटकापेक्षा लांबला. ढाल हातात आल्यावर हेडमिस्ट्रेसबाई विंगेत आल्या, मुलीची पाठ थोपटली आणि मला म्हणाल्या, "हिलाच राजा का नाही केलं? एका नाटकापुरती परवानगी दिली असती मी. विचारायचं तरी."

त्या फोटोला गेल्या. मला मुलीकडे बघवेना. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी तमिळमध्ये सुरू केलं की बाई आता विसरल्या असतील, मी तर तेव्हाच विचारलं होतं.

"राहूं द्या, मिस," ती मराठीत म्हणाली. थेट आमच्या घरातल्या मराठीत.

तिचे वडील पापनाशमला भाताच्या गिरणीत कामाला होते एवढंच मला माहीत होतं. घरी काय बोलता, हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. आपली माणसं फक्त राजवाड्यामागेच राहतात, अशी आमची समजूत. माझे कान तापले. लाज वाटली, फार लाज वाटली; आणि लाज वाटली की मला राग येतो, म्हणून उलट मीच तिला विचारलं, त्या दिवशी सगळं कळलं होतं तर तेव्हाच का बोलली नाहीस?

"तुम्ही माझ्याशीं कुठें बोलत होतां, मिस," ती म्हणाली, आणि राजाच्या चिकटवलेल्या मिशा सोडवायला गेली.