शांताबाईचा पंप

कांजूरमार्ग पूर्वेला भाऊराव तांब्यांना ओळखत नाही असा जुना माणूस सापडायचा नाही, आणि त्याला कारण पाणी. महापालिकेच्या जलखात्यात त्यांनी उभी हयात चावीवाल्याची नोकरी केली. चावीवाला म्हणजे रस्त्याखालच्या व्हॉल्वची लांबलचक चावी फिरवून एकेका वस्तीचं पाणी सोडणारा आणि बंद करणारा माणूस. कुणी ओळख काढली म्हणून त्यांची चावी वेळेआधी फिरली नाही आणि कुणी शिव्या घातल्या म्हणून वेळेनंतर अडून राहिली नाही. खमका माणूस. हट्टी म्हणा हवं तर, त्यांची बायको शांताबाई तसं तोंडावर म्हणायचीच.

या शांताबाईंना दमा होता. हवा पालटली, डंपिंगच्या कचऱ्याकडून वारा सुटला, खालच्या मजल्यावर कुणी रंगकाम काढलं, की त्यांची छाती वाजायला लागायची. दाराआडच्या खुंटीला एक कापडी पिशवी असायची आणि तिच्यात निळा पंप. तोंडात धरून दाबायचा, श्वास आत ओढायचा, की थोड्या वेळात छाती मोकळी. आता हा पंप एकट्या शांताबाईंचा नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. बिल्डिंगमध्ये कुणालाही धाप लागली की तो सरळ यायचा, पिशवीतला पंप काढून दोनदा मारायचा, पदराला किंवा शर्टाला पुसून परत ठेवायचा. शेजारच्या सुलक्षणा परब तर सासूसाठी न्यायच्या, सासू बरी झाली की नातवासाठी न्यायच्या. झोपड्या पाडून सगळ्यांना या बिल्डिंगमध्ये आणलं, त्याच्याही आधीपासूनची ही रीत. कुणाकडे विरजण मागावं, कुणाकडे मिरच्या, तसा तांब्यांकडे पंप.

शांताबाईंनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. त्यांच्या आजीला गावच्या विहिरीवर पाणी नाकारलं होतं, वरून ओंजळीत ओतूनसुद्धा दिलं नव्हतं. आजीनं ते लेकीला सांगितलं, लेकीनं शांताबाईंना. त्यामुळे 'नाही' हा शब्दच त्या बाईच्या पोटात कुठेतरी टोचत राहिलेला. आपल्या घरात पाण्याला आणि दम्याला नाही म्हणायचं नाही, असा त्यांनी घरात कायदाच केला होता. भाऊरावांना बायकोच्या या मोठेपणाचा केवढा अभिमान. संपलेला पंप टाकून नवा आणायचं काम त्यांच्याकडे. दाबला की फुस्स वाजतोय तोवर चालवायचा, वाजेनासा झाला की बदलायचा, एवढं साधं गणित त्यांनी बांधून घेतलं होतं.

तीनेक वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी शांताबाईंना जोराची धाप लागली. पंप मारला, फरक नाही. पुन्हा मारला, तरी नाही. मुलगा सम्यक नोकरीपायी नाशिकला. भाऊराव चप्पल न घालता समोरच्या मेडिकलमध्ये धावले. आधीचा दुकानदार न विचारता पंप द्यायचा, पण दुकान नुकतंच सर्वेश नावाच्या तरुण पोरानं घेतलं होतं, शिकलेला फार्मासिस्ट, नियमाला धरून चालणारा. त्यानं डॉक्टरची चिठ्ठी मागितली. चिठ्ठी नव्हती. पंप मिळाला नाही. संध्याकाळी शांताबाई गेल्या.

त्यानंतर भाऊरावांनी ही हकिगत शंभर जणांना सांगितली आणि दर वेळी ती एकाच वाक्यावर थांबायची: चिठ्ठी नव्हती म्हणून त्यानं पंप नाकारला. बिल्डिंगनं ठरवलं, त्या दुकानाची पायरी चढायची नाही. साध्या तापाच्या गोळीसाठी लोक पूल ओलांडून पश्चिमेला जायला लागले. आपण एका माणसाला वाळीत टाकतोय आणि वाळीत टाकणं काय असतं हे आपल्या घराण्याला चांगलं ठाऊक आहे, हे भाऊरावांच्या डोक्यात एकदाही आलं नाही. रागाला कुठं डोकं असतं. भाऊराव खालून जाताना दिसले की सर्वेश मान खाली घालून शेल्फ पुसत बसायचा.

भाऊराव एका ग्राहक संघटनेत जायला लागले. चिठ्ठीशिवाय पंप मिळायला हवा, हे एकच तुणतुणं. म्हातारा ऐकणाऱ्यातला नाही हे संघटनेनं ओळखलं. पुढं कुठली औषधं कशी विकावीत यावर सरकारला सल्ला द्यायला एक तज्ज्ञ समिती बसली, तिच्यात रुग्णांच्या बाजूचा माणूस हवा होता, तेव्हा संघटनेनं त्यांचंच नाव दिलं. आयुष्यात पहिल्यांदा भाऊराव इस्त्रीचा शर्ट घालून बांद्र्याच्या सरकारी इमारतीत, आपल्या नावाच्या पाटीपुढं जाऊन बसले.

त्यांना वाटलं होतं, तज्ज्ञ मंडळी पटापट हात वर करतील आणि चहा पिऊन उठतील. तसं नव्हतं. एकेक औषध समोर यायचं आणि त्याची उलटतपासणी व्हायची. हा आजार माणसाला स्वतःला ओळखता येतो का? चुकून जास्त घेतलं तर काय होईल? या औषधानं बरं वाटून आतला मोठा आजार झाकला जाईल का? मग सल्ला ठरायचा. काही औषधं कुठल्याही दुकानात मिळावीत, काही फक्त फार्मासिस्टनं चार प्रश्न विचारून द्यावीत, काहींना डॉक्टरची चिठ्ठी हवीच. तोही नुसता सल्ला, अखेरचा निर्णय सरकारचा. समितीच्या अध्यक्ष डॉक्टर जान्हवी सबनीस म्हणून होत्या, छातीच्या रोगांच्या. एकदा खोकल्याच्या एका औषधावर अख्खी दुपार गेली, तेव्हा भाऊराव वैतागले. बाई शांतपणे म्हणाल्या, की आपण एक व्हॉल्व उघडतोय, पुढं किती घरं आहेत ते बघून उघडायला हवं. चावीवाल्याला हे समजावून सांगावं लागलं नाही. त्या दिवसापासून ते मन लावून ऐकायला लागले.

मग पंपाचा दिवस आला. भाऊराव शर्टाच्या खिशात शांताबाईंचा फोटो ठेवून गेले होते. बोलायचं काय ते पाठ होतं. समितीतले औषधशास्त्राचे प्राध्यापक सुबोध केळुस्कर यांनी आधी दोन निळे पंप टेबलावर ठेवले, एकेक करून हवेत दाबले. दोन्ही फुस्स वाजले, दोन्हींतून वाफेसारखा फवारा आला. यातला एक रिकामा आहे, कोणता ते सांगा, असं त्यांनी विचारलं. कुणालाच सांगता येईना. सर म्हणाले, औषध संपलं तरी आतला वायू उरतो, तो तसाच वाजत राहतो. किती फवारे उरले ते दाखवणारा आकडा बऱ्याच पंपांवर नसतो. माणूस दाबत राहतो आणि त्याला वाटतं, औषध घेतोय.

नळाचं पाणी गेल्यावर तोटीतून सूं सूं करत हवा येते, हे भाऊरावांनी आयुष्यभर लोकांना सांगितलेलं. अहो, ही हवा आहे, पाणी नाही, बादली काढा. आणि घरच्या खुंटीवरचा पंप? तो आणून किती दिवस झाले, किती तोंडांना लागून आला, कुणाला ठाऊक होतं? फुस्स वाजत होता ना, मग झालं.

आणि मग त्या रविवारचं उरलेलं वाक्य आठवलं. आठवलं कसलं, विसरलं कधी होतं? चिठ्ठी नाही म्हटल्यावर सर्वेशनं विचारलं होतं, घरात पंप नाही का. भाऊराव म्हणाले, आहे, मारतोय, फरक पडत नाही. त्यावर तो पोरगा काउंटरवर पुढं वाकून म्हणाला होता, "पंप मारून फरक पडत नाही ना काका, मग दुसरा पंप मागू नका. आधी दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता." भाऊरावांच्या कानात फक्त 'नाही' शिरलं. ते तणतणत वर आले आणि तासभर बायकोला तोच पंप मारत बसले, सगळा शेजार भोवती, घ्या वहिनी, आणखी एकदा घ्या. नुसती हवा पाजत होते तिला.

तांबे साहेब, तुमचं काय म्हणणं, असं अध्यक्षबाईंनी विचारलं. सगळ्यांना त्यांची हकिगत माहीत होती. ठरल्याप्रमाणे बोलले असते, तर शांताबाईंच्या मरणाला एक गुन्हेगार होता आणि तो समोरच्या दुकानात बसत होता. खरं बोलावं, तर गुन्हेगार कोण? जिनं कधी कुणाला नाही म्हटलं नाही, तिचं ते देणंच? तिच्या मोठेपणाला आपल्या तोंडानं डाग लावायचा? त्यांनी खिशावर हात ठेवला.

मग म्हणाले, "आमच्या घरचा पंप सगळी बिल्डिंग वापरायची. तो रिकामा होता, आज कळलं मला. चिठ्ठीशिवाय द्या, माझं तेच म्हणणं आहे. पण हातात नुसता ठेवू नका. कोणासाठी, ते विचारा. वाटून घेऊ नका म्हणून सांगा. आकडा असलेलाच द्या. आणि पंप मारून फरक पडत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला विकू नका, गाडीत बसवा."

शेवटचं वाक्य आपलं नाही, हे त्यांना बोलता बोलताच कळलं होतं. समितीनं तोच सल्ला लिहिला: चिठ्ठी नको, पण फार्मासिस्टच्याच हातून, प्रश्न विचारून. सरकार तो मानेल की नाही, हे अजून ठरायचं आहे.

घरी आले तर सुलक्षणाबाई दारातच उभ्या. काय ठरला, भाऊ, असं त्यांनी मालवणी वळणानं विचारलं. शांताबाईंमागंही खुंटीवर पंप असायचा आणि बिल्डिंग तो न्यायची. भाऊराव म्हणाले, आता ज्याचा त्याचा पंप, या खुंटीवर काही राहणार नाही. बाईंना ते रुचलं नाही. "वयनीन कधी कोणाक नाय म्हटल्यान नाय," त्या म्हणाल्या. भाऊरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. शांताबाई गेल्या त्या आठवड्यात सुलक्षणाबाईंची सासू आलेली, रविवारपर्यंत पंप बहुतेक त्यांच्याच घरी होता, तिथंच तो संपला असणार. ते सांगितलं असतं तर ही बाई उरलेला जन्म झोपली नसती. ते एवढंच म्हणाले, की पंप आणायचं काम माझं होतं, बघायचं कामही माझंच होतं. मग पिशवी खुंटीवरून काढली, आतला पंप काढून ठेवला आणि खाली उतरले.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते सर्वेशच्या दुकानाची पायरी चढले. तो शेल्फ पुसत होता. वळून पाहिलं तसा त्याच्या हातातला फडका तिथंच थांबला. भाऊरावांनी रिकामी पिशवी काउंटरवर ठेवली.

"त्या दिवशी दवाखान्यात न्या म्हणाला होतास तू. ऐकलं होतं मी."

सर्वेश अगदी हळू आवाजात म्हणाला, "मी नुसतं सांगून इथंच उभा राहिलो, काका. रिक्षा बोलवायला हवी होती मी."

मग सर्वेशनं काउंटरची फळी उचलली, आतलं स्टूल बाहेर आणून ठेवलं आणि तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून त्यांच्यापुढं धरलं. भाऊरावांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि सगळं प्यायले.