रांगेतला अठ्ठाविसावा

आमच्या पलटणीचा इतिहास छापायचं ठरलं, तेव्हा परदेशातल्या मोहिमेचं प्रकरण तपासायला माझ्याकडे आलं. मी पलटणीत क्लार्क होतो, आता बेलापुरात असतो. त्या देशात यादवी पेटली होती. कालपर्यंतचे शेजारी एकमेकांच्या जिवावर उठले होते आणि आम्ही शांतिसेना म्हणून तिथं छावणी टाकून होतो.

एका दुपारी बायकापोरांचा लोंढा आमच्या फाटकाकडं पळत आला. मागं बंदुका घेतलेला जमाव. मेजरसाहेबांनी हुकूम सोडला नाही. "तारेबाहेर उभं राहायचंय. स्वतःहून कोण येतं?" एवढंच विचारलं. सत्तावीस जण पुढे झाले. मी त्यांची नावं वहीत उतरवली आणि आलेल्यांना आत घ्यायला फाटकावर धावलो. पुढे झालेले जवान मात्र खांद्याला खांदा लावून ऊन कलेपर्यंत बाहेर उभे राहिले. एकही गोळी सुटली नाही. जमाव शेवटी शिव्या घालत माघारी गेला. आत आलेलं एकूण एक माणूस वाचलं.

पुस्तकात सत्तावीसच नावं होती, माझ्याच वहीवरून घेतलेली. पण रांग आत परतली तेव्हा तिच्यात आमचा लांगरी, म्हणजे स्वयंपाकीही होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. यादी झाल्यावर तो मागून गेला होता. नाव उद्या घालू म्हटलं, आणि ते राहूनच गेलं. चूक माझी होती.

तो राहात्याजवळ पेरूची बाग सांभाळतो. मी गेलो, सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यानं पेरू कापून मीठ-तिखट लावून पुढं ठेवला.

"जाऊ द्या बाबूजी," तो म्हणाला. "मला कुनी बोलवलं न्हवतं. भात उतरवला आन् गेलो."

इतिहास लिहिणाऱ्या कर्नलसाहेबांना फोन केला. नुसत्या आठवणीवर नाव घालता येत नाही, असं ते म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं.

मग मी एकेकाला फोन लावायला घेतला. कुणाला लांगरीबद्दल विचारलंच नाही. प्रश्न एकच: तुझ्या डाव्या हाताला कोण होतं, उजव्या हाताला कोण? माणूस तारखा विसरतो, पण अशा वेळी शेजारी कोण होतं ते विसरत नाही. चौघे आता हयात नव्हते, त्यांच्या जागा शेजाऱ्यांनी सांगितल्या. कागदावर रांग जुळत गेली. पारनेरच्या नाईकानं सांगितलं, "उजवीकडं लांगरी. त्याच्या हाताला कांद्याचा वास येत हुता." साताऱ्याच्या शिपायानं सांगितलं, डावीकडं लांगरी. मधली जागा पक्की झाली. दोघांचे जबाब सहीनिशी पाठवले. दोन दिवसांनी कर्नलसाहेबांचा फोन आला, "पान बदललंय."

पुस्तकाचा समारंभ नगरला झाला. कर्नलसाहेबांनी नावं हुद्द्याप्रमाणे वाचली नाहीत, रांगेप्रमाणे वाचली. नाव घेतलं की तो माणूस समोर येऊन आपल्या जागी उभा राही. जे गेले त्यांच्या जागी त्यांच्या बायका उभ्या राहिल्या. पारनेरचा नाईक आला आणि त्यानं उजवीकडं एका माणसापुरती जागा सोडली. मग लांगरीचं नाव आलं. तो खुर्चीतून उठेना. त्याच्या बायकोनंच त्याला ढकललं, "जा की, समदी थांबल्याती."

तो गेला. पोट सुटलेलं, केस पिकलेले, पण रांगेत शिरताना टाच अशी वाजली की सगळा हॉल उठून उभा राहिला. टाळ्या थांबेनात. मेजरसाहेब काठी टेकत व्यासपीठावरून उतरले आणि आधी त्यालाच सलाम केला.

परतताना आम्ही एकाच टेम्पोत होतो. त्यानं पुस्तक उघडून ते पान बायकोला दाखवलं, मग ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला लावून त्यालाही दाखवलं. ड्रायव्हरनं मोठ्यानं वाचलं. "अजून एकदा वाच," लांगरी म्हणाला.