केतकीच्या नावाचा रातकिडा

"हलू नका!" एवढं ओरडून सर हातातला चहा एका घोटात संपवत आणि काचेचा ग्लास जमिनीवर पालथा घालत. ग्लासाखाली तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा, करड्या रंगाचा रातकिडा भांबावून फिरत असे. खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीच्या सभेत टँकरवरून भांडण रंगात आलं असताना ते असेच अध्यक्षांच्या खुर्चीपुढे वाकले होते. अध्यक्षांना वाटलं, माणूस पाया पडतोय. ते विरघळले आणि टँकरचा ठराव पास झाला.

तुमच्याही शेजारी असा एखादा असेल, ज्याचं वेड हळूहळू सगळ्या जिन्याला लागतं. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, मी बँकेतला कारकून. आमची दारं समोरासमोर. माझं विज्ञान दहावीला संपलं होतं, ते त्यांनी परत सुरू केलं. गवतातल्या या बारक्या रातकिड्यांच्या जाती ओळखणं हा त्यांचा उद्योग. किडा मायक्रोस्कोपखाली ठेवून मला डोळा लावायला सांगत. "मागच्या पायाच्या नळीवरचे काटे मोजा. नराच्या पंखाखालची करवत बघा, तीच घासून तो गातो. आता कान शोधा." कान कुठे, तर पुढच्या पायात, गुडघ्याच्या जरा खाली.

"म्हणजे पाय पोटाशी घेऊन झोपला की हा बहिरा?" मी विचारलं.

सर हसले नाहीत. "बघायला पाहिजे," म्हणाले.

"पंखांच्या लांबीवर जाऊ नका, पंख फसवतात," हे त्यांचं पालुपद. ते आमच्या दूधवाल्यालाही पाठ होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी, केतकी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना तापाने गेली. त्यानंतर त्या घरात तिचं नाव कुणी घेत नसे. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, मूळच्या गव्हाण गावच्या. तिथे त्यांच्या भावाच्या शेताच्या बांधावर सरांना एक निराळा रातकिडा सापडला. पंख लांब, शेपटासारखे मागे आलेले. पण सर पंखांवर थोडेच भुलणार! त्यांनी पायाचे काटे मोजले, करवतीचे दात मोजले. तेही वेगळे निघाले. हाती आलेले किडे मोजकेच होते, पण जात नवी ठरली. नवी जात ज्याला सापडते त्याला तिचं नाव ठेवायचा मान मिळतो. सरांनी लेकीचं ठेवलं.

वहिनींनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले, बारशाचे वाटावेत तसे. "भावजी, आता जगात कुटंबी गेलं तरी त्याला आमच्या केतकीचंच नाव हाय," त्या म्हणाल्या. किड्याला मुलीचं नाव ही काय तऱ्हा, असं मी घरी बोलून आलो होतो. वहिनींचा चेहरा पाहिला आणि दुसरा पेढा मागून घेतला.

पुढचं झालं ते सरांच्याच हातून. ही जात नीट समजावी म्हणून त्यांनी गव्हाणहून एक जिवंत मादी आणली. गॅलरीत प्लास्टिकच्या डब्यात माती घालून तिला काकडीच्या फोडींवर पोसलं. अंडी झाली, पिल्लं झाली, पिल्लांना पंख आले. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. डब्यात काही किडे लांब पंखांचे होते आणि काही आखूड पंखांचे, म्हणजे आपल्या मैदानातल्या गवतात पायाला लागतात तेच. काट्यांचा आणि करवतीच्या दातांचा फरकही या पिढीत राहिला नव्हता.

"सगळ्यांची आई एकच आहे हो," सर म्हणाले. आवाज इतका बारीक की मला पुन्हा विचारावं लागलं.

जात नवी नव्हतीच. फार पूर्वी कुणीतरी तिला नाव दिलेलं होतं आणि आधी दिलेलं तेच खरं. मागाहून दिलेलं रद्द.

"कोण बघायला येणार आहे, सर? डबा खाली रिकामा करून टाका."

"मी बघितलंय ना."

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चहा खाली ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "एकदा तापानं नेली. आता तुमी." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सरांनी स्वतःची चूक स्वतःच्याच नावाने छापून आणली. मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू? खऱ्याला एवढी घाई कसली असते! वहिनी त्यांच्याशी कामापुरतंही बोलेनात. सर माझ्यादेखत त्यांना समजावत, "अगं, नाव पुसत नाहीत. जुन्या नावाच्या खाली बारीक अक्षरात ते कायम राहतं. चालत नाही, एवढंच." वहिनी मेथी निवडत राहत. सरांच्या खिशात नेहमी किड्यांच्या बाटल्या किणकिणायच्या, त्याही बंद झाल्या. गेल्या थंडीत पेपर वाचता वाचता खुर्चीतच ते गेले. ती दोघं पुन्हा पहिल्यासारखी बोलली का, ते मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

परवा वहिनी म्हणाल्या, "भावजी, गव्हाणला सोडाल?" मी स्कूटर काढली. बांध अजून आहे. पलीकडच्या शेतापर्यंत भराव आला आहे, डंपर माती ओतत होते. वहिनी चप्पल हातात घेऊन गवतात शिरल्या. प्रत्येक पावलाला बारके रातकिडे उड्या मारत होते, सगळे आखूड पंखांचे. त्या थांबल्या.

"हे सगळे त्याच जातीचे ना?"

"हो."

"मंग ते खालचं नाव यांचंबी असंल."

"आहे ना, वहिनी," मी म्हणालो. सर असते तर त्यांनी मान हलवून नाही म्हटलं असतं. ते नाव चालत नाही.

वहिनींनी उचललेलं पाऊल तसंच वर धरलं. चहूकडे गवत हलत होतं आणि पाय टेकायला त्यांना जागा सापडत नव्हती.